नांदेडची जीभ, लातूरचा हात

आमच्या पिढीला इंग्रजी भेटलं ते पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी ही गोष्ट महाराष्ट्रात २००० साली आली. तोवर आमची लग्नं होऊन आमचीच पोरं शाळेच्या दारात उभी होती. वर्गात जे चालायचं ते मराठवाड्यात सगळीकडं सारखंच. सर धडा वाचायचे, मराठीत अर्थ सांगायचे, आणि आम्ही तो दोन ओळींच्या मधल्या जागेत पेन्सिलीनं लिहून घ्यायचो. गो-वेंट-गॉन घोकायचं, गाईवरच्या दहा ओळी पाठ करायच्या, रजेचा अर्ज पाठ करायचा. अर्जात ताप होता, म्हणून प्रत्यक्षात पोट दुखत असलं तरी आम्हाला तापच यायचा.

वर्गाबाहेर मात्र प्रत्येक घराचं इंग्रजी वेगळं होतं. आमच्या गोतावळ्यात तर ते दोन तऱ्हांचं होतं. काकांचं घर नांदेडला, वजिराबादेत. मामांचं लातूरला, गंजगोलाईला जे सोळा रस्ते येऊन मिळतात त्यांपैकी एकावर. उन्हाळ्याची सुट्टी लागली की सगळी फौज आधी इकडं, मग तिकडं. मधला प्रवास लाल एसटीचा. लोहा, अहमदपूर, चाकूर, आणि प्रत्येक स्टँडवर कुणीतरी ओकणार हे ठरलेलं. या दोन घरांत मिळून आम्ही डझनभर भावंडं वाढलो, आणि इंग्रजीच्या बाबतीत अजूनही आमच्यात दोन पक्ष आहेत.

नांदेडच्या घरात भाषा ही बाजारातून आणायची वस्तू होती. आजी देगलूरकडची. भाजीवालीशी तेलुगूत घासाघीस करायची, माहेरचं माणूस आलं की कानडीवर जायची, शेजारच्या खालाजानशी तासन्‌तास दखनीत बोलायची. यांतली एकही भाषा ती शिकायला म्हणून कुठं गेली नव्हती, आणि तिला कुणी व्याकरणाची चूक काढून दाखवल्याचं आम्हाला आठवत नाही. आजोबांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दू माध्यमात झालेलं. १९१८ साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानं सगळं उच्चशिक्षण उर्दूत आणलं होतं, पण इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवला होता. त्याची झळ खालच्या शाळांपर्यंत पोचलेली. पुढं सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आजोबांनी कचेरीतल्या एकाच खुर्चीवर बसून उर्दू जाताना, इंग्रजी येताना आणि मग मराठी स्थिरावताना बघितली. सही मात्र त्यांनी शेवटपर्यंत उर्दूत केली.

गल्लीत कुणाकडं तार आली की ती आधी आमच्या ओसरीवर यायची. तार देवनागरीतही करता येत असे, पण आमच्या गल्लीत येणारी बहुतेक इंग्रजीतच असायची. शिपाई गेला की बायका पदर तोंडाला लावून उभ्या, आणि आजोबा चष्मा पुसत बसलेले. ते आधी सगळी तार मनात वाचायचे, मग समोरच्या माणसाला विचारायचे, ‘पाणी पिलास का?’ पाणी पिऊन झाल्यावर अर्थ सांगायचे. बदलीची असली तरी पाणी, बारशाची असली तरी पाणी. तार करायची असली तर उलटा कारभार. शब्दाला पैसे पडत, म्हणून काका बोटं मोजत एकेक शब्द गाळत जायचे, आणि शेवटी उरायचं ते तीन-चार शब्दांचं वाक्य कर्ता-कर्माशिवाय ताठ उभं असायचं. इंग्रजी वाक्यातलं किती काढलं तरी अर्थ शिल्लक राहतो, हे आम्ही तारेवरून शिकलो. शाळेत हेच केलं असतं तर मार्क गेले असते.

नांदेडच्या पोरांची खरी शाळा भरायची ती गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेडात देह ठेवला. आजच्या तख्त सचखंडाची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवून घेतली. पंजाब-दिल्लीहून जथे येत, तसे इंग्लंड-कॅनडातूनही येत. म्हाताऱ्यांचं हिंदी-पंजाबीत भागायचं, पण बरोबरच्या नातवंडांना कित्येकदा इंग्रजीशिवाय काही धड येत नसे. काकांचं स्टेशनरीचं दुकान त्याच रस्त्यावर. जो पोरगा रिकामा असेल त्यानं पाहुण्याला सांभाळायचं, असा दुकानाचा नियम.

आमचा थोरला भाऊ शाळेत इंग्रजीत काठावर पास होणारा. एकदा परदेशातून आलेल्या एका मुलीनं त्याला कॅमेऱ्याचा रोल मागितला. रोल आमच्याकडं नव्हता. भाऊ म्हणाला, ‘रोल नो. नेक्स्ट शॉप. ही माय फ्रेंड. टेल माय नेम, ही गिव्ह चीप.’ आम्ही मागं खोक्यांच्या आड तोंड दाबून हसत होतो. ती मुलगी हसली नाही. शेजारच्या दुकानात गेली, रोल घेऊन आली, आणि धन्यवाद देऊन वर रिक्षाचं भाडं किती पडेल ते विचारून गेली. तिला व्याकरण तपासायचं नव्हतं, रोल हवा होता. त्या दिवसापासून भाऊ कुणालाही, कशाहीबद्दल इंग्रजीत सांगायला लागला. होला मोहल्ल्याला, दसऱ्याला गर्दी उसळली की त्याला पर्वणीच. कुठं राहायचं, पिण्याचं पाणी कुठं, गोदावरीचा घाट कुणीकडं, सगळं तो सांगायचा, हात हलवत, वाक्याचे तुकडे पाडत. आम्ही हिंदीही असंच बोलायचो, अर्धं दखनीत बुडवून. हिंदी बोलताना चुकायची भीती आम्हाला कधी वाटली नाही. भावानं तोच बेडरपणा इंग्रजीला लावला, एवढंच.

लातूरच्या घरात असला प्रकार चालणं शक्य नव्हतं. तिथं इंग्रजी कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली मामांकडं. मामा कोर्टात कारकून. कपाटात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग, रेन अँड मार्टिनचं व्याकरण, वीरकरांचा शब्दकोश, आणि नंतरच्या काळात भर पडलेला रॅपिडेक्स, ज्याच्या जाहिरातीत कपिल देव असायचा. रॅपिडेक्स मामांनी घेतलं ते पोरांच्या हट्टापायी. त्यांचा विश्वास तर्खडकरांवर. रोज पहाटे पाच वाक्यं मराठीतून इंग्रजीत करायची आणि वही त्यांच्या आंघोळीच्या आधी पाटावर ठेवायची. आंघोळीहून आले की ओल्या अंगानंच लाल पेन घेऊन बसायचे. चुकलेल्या शब्दाखाली रेघ मारायची, बरोबर काय ते लिहायचं नाही. ते ज्याचं त्यानं शोधायचं.

१९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या आल्या आणि टायपिंगच्या क्लासांना बरकत आली. गल्लीतून जाताना टकटक ऐकू यायची, मधूनच ओळ संपल्याची घंटी. धाकटी मावशी सकाळच्या बॅचला जायची. पहिले कित्येक दिवस नुसतं ए-एस-डी-एफ, मग शब्द, मग अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून वगैरे व्यापारी पत्रं. सरकारी परीक्षा आधी तीसची, मग चाळीसची. मावशी दोन्ही पास झाली. मिनिटाला चाळीस शब्द तिच्या बोटांतून जायचे, तोंडातून मात्र एकही नाही. पुढं तिला बघायला आलेल्या मंडळींतल्या कुणीतरी, मुलगी किती शिकली ते कागदावर लिहिलेलं असताना, तिला इंग्रजीत नाव-गाव विचारलं. मावशीनं खाली मान घालून मराठीत उत्तर दिलं. माणसं गेल्यावर म्हणाली, ‘मशीन असतं तर टाईप करून दिलं असतं.’

मामांना हे लागलं असावं. त्यांनी फर्मान काढलं, रविवारी दुपारच्या जेवणाला घरात फक्त इंग्रजी. पहिल्या रविवारी पंगत बसली आणि घरात अशी शांतता पसरली की मामीला वाटलं, स्वयंपाक बिघडला. ताटात धपाटे होते, दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती, पातेल्यात येसराची आमटी होती. जो-तो ‘प्लीज गिव्ह मी’ म्हणून पुढं बोट दाखवायचा. मामी बोटाच्या रोखानं भलतंच वाढायची, आणि नको म्हणायला ‘नो’ एवढा एकच शब्द. मामा स्वतः जास्तीत जास्त शुद्ध वाक्य जुळवायच्या नादात आमटी गार करून बसले. एकानं क्रियापद चुकवलं की उरलेले फिस्सकन हसायचे, आणि हसणाऱ्यांत आपला नंबर लागू नये म्हणून बाकीचे बोलायचेच नाहीत. ‘लई इंग्रजी झाडायलास’ हा शेरा तर ठेवलेलाच. चार-सहा रविवारांनंतर फर्मान आपोआप बारगळलं. जेवण पूर्ववत व्हायला लागलं याचा मामीला सगळ्यांत जास्त आनंद झाला.

पण वही बंद पडली नाही. पुढं लातूर पॅटर्न म्हणून जे राज्यभर गाजलं, राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांची नावं ज्यामुळं घरोघरी गेली, त्याचं बीज असल्याच घरांत होतं असं आम्हाला वाटतं. सराव परीक्षा, तपासलेली उत्तरपत्रिका, चूक दुरुस्त, पुन्हा सराव परीक्षा. लातूरच्या भावंडांचं इंग्रजी त्यातून असं घोटून निघालं की निबंधात स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडं होत नसे. फक्त ते कागदावरून उठायला तयार नव्हतं.

काही गोष्टी दोन्ही घरांत सारख्याच होत्या. त्यांतली पहिली म्हणजे कॉमेंट्री. कसोटी असली की आकाशवाणीवर थोडा वेळ हिंदी, थोडा वेळ इंग्रजी असं आलटून-पालटून चालायचं. हिंदीत सुशील दोशी, इंग्रजीत सुरेश सरैया, अनंत सेटलवाड. इंग्रजी पाळी सुरू झाली की घरातले मोठे ट्रान्झिस्टर पोरांकडं सरकवून चहाला जायचे. आम्ही मात्र कान लावून बसायचो, कारण विकेट कुणाच्याही पाळीत पडू शकते. सुरुवातीला नुसता आवाजाचा चढ-उतार कळायचा, मग गर्दीच्या गलक्यावरून चौकार कळायचा, आणि एखाद्या मोसमानंतर चेंडू कुठून कुठं गेला ते दिसायला लागायचं. न समजणारी वाक्यं सोडून देऊन समजणाऱ्या शब्दांवरून पुढं जायचं, हा धडा आम्हाला कोणत्याही मास्तरांनी दिला नाही. रात्री नऊच्या इंग्रजी बातम्यांचंही तेच. आजोबा मेलव्हिल डिमेलो आणि लोतिका रत्नम यांच्या आवाजांच्या आठवणी काढायचे. दूरदर्शन आल्यावर आमच्या वाट्याला तेजेश्वर सिंग आणि गीतांजली अय्यर आले. बातमी हिंदीत आधीच ऐकलेली असायची, त्यामुळं इंग्रजीत ती कळायची. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दुपारी लागायला लागले. ते कळत नसत, तरी वीज असेपर्यंत आम्ही बघायचो. टीव्ही लावायला घरात परवानगी असलेली ती एकमेव दुपारची गोष्ट.

तीच युक्ती इंद्रजाल कॉमिक्सची. वेताळाचा मराठी अंक आधी वाचून काढायचा, मग रद्दीवाल्याकडून त्याच गोष्टीचा इंग्रजी अंक मिळाला तर चित्रांच्या आधारानं तो वाचायचा. त्याखेरीज जे छापील हाताला लागेल ते. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, साबणाचं वेष्टन, ट्रकच्या मागची अक्षरं, खिडकीजवळच्या सीटवर बसून वाचलेल्या एसटीतल्या पाट्या. आणि नांदेडला मोठ्या माणसांबरोबर कुरुंदकर गुरुजींच्या व्याख्यानाला जायचं, तेव्हा आणखी एक गोष्ट कळायची. नरहर कुरुंदकरांच्या वाचनात केवढे तरी इंग्रजी ग्रंथ होते, आणि ते सगळं ते समोरच्या माणसाला मराठीत उलगडून सांगायचे. इंग्रजी येण्याचा हा तिसरा प्रकार. तो आमच्यापैकी कुणालाच जमला नाही, पण बघायला मिळाला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं उशिरा निजलेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, गावंच्या गावं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. जवळजवळ दहा हजार माणसं मेली. लातूरचं घर हललं, पण उभं राहिलं. मामेभाऊ तेव्हा कॉलेजात. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या गठड्यांबरोबर तो ट्रकमध्ये बसून किल्लारीकडं गेला आणि पुढं कितीतरी दिवस रोज जात राहिला.

पाऊस चालू होता. देशी-परदेशी पत्रकार, मदतसंस्थांची माणसं, भूगर्भशास्त्रज्ञ येत होते. अशा एका परदेशी पत्रकारानं ट्रकजवळ उभ्या पोरांना विचारलं, कुणी इंग्रजी बोलतं का. कुणी बोलेना तेव्हा बाकीच्यांनी मामेभावाला पुढं ढकललं, बोर्डात इंग्रजीला त्याला किती मार्क होते हे त्यांना पाठ होतं म्हणून. पत्रकारानं ढिगाऱ्यापाशी बसलेल्या एका म्हातारीला घरातली किती माणसं गेली ते विचारायला सांगितलं. भावानं विचारलं. म्हातारी त्याबद्दल काही बोललीच नाही. म्हणाली, ‘म्हशीला दोन दिस झाले पाणी नाही. तेवढं बघ बाबा.’ भाऊ क्षणभर थांबला. मग त्यानं ते तसंच इंग्रजीत सांगितलं. काळ चुकला, आर्टिकल गळालं. पत्रकारानं वही खाली ठेवली, गाडीतून पाण्याचा कॅन काढला, आणि दोघं गोठ्याकडं गेले.

रात्री परत आल्यावर त्यानं हे मामांना सांगितलं. कोणतं वाक्य कसं चुकलं तेही सांगितलं, सवयच ती. मामांनी लाल पेनाचा विषय काढला नाही. म्हणाले, ‘उद्या सकाळी लवकर जा.’ त्यानंतरच्या आठवड्यांत तो छावण्यांतून, तात्पुरत्या दवाखान्यांतून दिवसभर दुभाष्याचं काम करत फिरला. भूकंपातून आम्हाला काही मिळालं असं म्हणणं पाप होईल. घडलं ते इतकंच, की समोरच्या माणसाची गरज त्याला स्वतःच्या चुकीपेक्षा मोठी दिसली, आणि तोंड उघडलं.

नांदेडचा पक्ष इथं टाळी वाजवून म्हणतो, बघा, आम्ही सांगत नव्हतो? बाजारात उतरल्याशिवाय भाषा येत नाही. पण लातूरच्या पक्षाकडंही पुरावा आहे. नांदेडच्या थोरल्या भावाच्या दुकानाला पुढं परदेशातल्या गिऱ्हाइकांची पत्रं यायला लागली. समोरासमोर हात हलवून सगळं निभावणारा हा गडी कोरा कागद बघून घामाघूम व्हायचा. तेव्हा मराठीत लिहिलेला मजकूर अंतर्देशीय पत्रानं लातूरला जायचा, मामेभाऊ त्याचं इंग्रजी करायचा, आणि मावशी ते सुबक टाईप करून परत पाठवायची. उत्तर जायला तीन आठवडे लागायचे, पण गिऱ्हाईक टिकायचं. किल्लारीतही मामेभावाच्या तोंडून जे फुटलं ते आकाशातून पडलं नव्हतं. रोज पहाटेची पाच वाक्यं किती वर्षं साठत गेली होती म्हणून ते बाहेर आलं. ज्याच्याकडं साठाच नाही त्याला कितीही धीर दिला तरी तो ‘रोल नो, नेक्स्ट शॉप’च्या पुढं जात नाही, आणि साठा असून ज्याला कुणी ऐकणारा भेटला नाही, त्याची मावशी होते.

मावशीची गोष्ट मात्र अपुरी सोडायला नको. तिचं लग्न भिलाईला झालं. कॉलनीत एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला बंगाली. पहिल्या वर्षी तिनं शेजारणींशी कपडे वाळत घालता घालता इंग्रजी-हिंदीची अशी काही मिसळ सुरू केली की तिचे यजमान कामावरून आल्यावर दारात उभे राहून ऐकत राहायचे. तिथं तिला बघायला आलेलं कुणी नव्हतं.

२००८ साली गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या त्रिशताब्दीला नांदेडात जग लोटलं, तेव्हा आमची पुढची पिढी स्वयंसेवक म्हणून रस्त्यावर होती. त्यांचं इंग्रजी सेमी माध्यमातलं, सिनेमातलं, मोबाइलमधलं. आमच्याहून बरंच सरावलेलं. तरी पाहुणा समोर आला की आमच्यासारखीच एकमेकांकडं बघून ढकलाढकली करायची. थोरल्या भावानं तेव्हा घराला नवा नियम घालून दिला: कुणी चुकीचं इंग्रजी बोललं तर हसायचं नाही, हसणाऱ्यानं पुढचं वाक्य स्वतः बोलायचं. हा नियम अजून चालू आहे, आणि मामांच्या रविवारच्या फर्मानापेक्षा बराच टिकला आहे.

सध्या एक भाचा आयेल्ट्सची तयारी करतोय, कॅनडाला जायचंय त्याला. परीक्षेचे बोलणं आणि लेखन हे दोन भाग घरानं आपसांत वाटून घेतलेत. बोलण्याला नांदेड, लिहिण्याला लातूर. थोरला भाऊ रात्री जेवण झाल्यावर फोन करतो आणि काहीही विचारत सुटतो. त्याची एकच सूचना, चुकलास तरी थांबू नकोस. मामेभाऊ सकाळी निबंध मागवतो, फोटोवर लाल रेघा ओढून परत पाठवतो. बरोबर काय ते सांगत नाही. त्याची सूचना, थांब, आधी वाक्याचा कर्ता बघ. भाचा वैतागून आमच्याकडं तक्रार घेऊन येतो, नक्की कुणाचं ऐकू? आम्ही त्याला सांगतो, दोघांचंही ऐक. फक्त एकाच वेळी ऐकू नकोस.